कुकिंग रेंजवरचा एरर कोड: पार्ट मागवण्याआधी काय तपासायचं

ओव्हनच्या घड्याळात वेळेऐवजी 'एफ३' किंवा 'ई१' लुकलुकायला लागलं आणि बीप थांबेना झालं, की बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. काही जण तो कोड इंटरनेटवर शोधतात, पहिल्याच उत्तरात 'सेन्सर खराब' वाचतात आणि सेन्सर, म्हणजे ओव्हनचं तापमान मोजणारा पार्ट, मागवतात. बाकीचे 'बोर्ड गेला' असं धरून थेट बोर्डाचा, म्हणजे सगळी रेंज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा, भाव काढतात. नवा पार्ट बसतो आणि बऱ्याचदा तोच कोड पुन्हा उगवतो.

असं होतं, कारण कोड कुठल्या पार्टचं नाव घेत नाही. अमुक सर्किटवर जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, इतकीच बोर्डाची तक्रार असते. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, त्याची वायर असते, मधला कनेक्टर असतो आणि शेवटी स्वतः बोर्डही असतो. या चौघांपैकी दोषी कोण, ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही. ज्यांना मल्टिमीटरवर ओहम मोजता येतात पण ज्यांनी रेंज, म्हणजे वर हॉब (शेगडी) आणि खाली ओव्हन असं एकत्र उपकरण, कधी उघडलेली नाही, त्यांच्यासाठी पुढची माहिती आहे.

हात लावण्याआधी

ओव्हन बंद केल्यावरही तापतच असेल, तर घड्याळ आणि बटणं असलेल्या पुढच्या पट्टीवरचं 'ऑफ' दाबून ते थांबेल असं समजू नका. बोर्डाच्या हुकमावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच म्हणजे रिले, त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर बटणाचा हुकूम तिथपर्यंत पोहोचतच नाही. सरळ एमसीबी पाडा आणि बिघाड सापडेपर्यंत वर करू नका.

रेंज गॅसची असेल आणि वास येत असेल, तर कोड वाचत बसू नका. विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद न करता गॅसचा मुख्य कॉक बंद करा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर पडा आणि तिथूनच मदत बोलवा.

यापुढची सगळी मोजमापं वीज पूर्ण तोडून करायची आहेत. प्लग असेल तर तो काढा. नसेल तर एमसीबी पाडा आणि आतल्या टर्मिनलवर व्होल्टेज शून्य आहे ना, ते मीटरने पाहून खात्री करा. घड्याळ विझलं म्हणजे सप्लाय गेला असं होत नाही. आत २३० ते २४० व्होल्ट असतात आणि रेंजचा फ्यूज इतका मोठा असतो की माणसाला झटका बसला तरी तो उडत नाही. जिवंत सप्लायवर मोजायची एकही पायरी या लेखात मुद्दाम ठेवलेली नाही. नवख्याला तिची गरज पडत नाही. नव्वद टक्के उत्तर ओहममध्येच मिळतं, असं माझं मत आहे.

हातमोजे घाला. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि भिंतींमधली काचलोकर कातडीला खाज आणते. जमिनीवरची रेंज पुढे ओढली असेल, तर ती उलटू नये म्हणून मागे लावलेल्या ब्रॅकेटमध्ये तिचा पाय शेवटी परत अडकवायचा, हेही आत्ताच लक्षात ठेवा. काम झाल्याच्या आनंदात हे नेमकं विसरलं जातं.

पायरी १: तो खरंच बिघाडाचा कोड आहे का?

पट्टीवरची सगळीच अक्षरं तक्रारीची नसतात. 'पीएफ' म्हणजे मध्ये वीज गेली होती. वेळ लावा, विषय संपला. कुलुपाचं चित्र किंवा 'लॉक' दिसत असेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असतं. बहुतेक मॉडेलमध्ये ठरलेलं बटण काही सेकंद दाबून धरलं की ते सुटतं. काचेच्या हॉबवरचा 'एच' म्हणजे काच अजून गरम आहे. आणि दिवे लागतायत, बटणं चालतायत, तापमान चढताना दिसतंय पण ओव्हन थंडगार, असं असेल तर डेमो मोड तपासा. दुकानात मांडण्यासाठी ठेवलेली ही सोय नव्या रेंजमध्ये अधूनमधून चालूच राहून जाते आणि त्यापायी मेकॅनिकची एक फेरी फुकट जाते.

पायरी २: कोड लिहून घ्या, मगच वीज तोडा

क्रम महत्त्वाचा आहे. वीज तोडली की पट्टी कोरी होते. आधी मोबाइलवर फोटो काढा. काही मॉडेलवर कोड दोन भागांत येतो. 'एफ३' आणि 'ई०' आलटून पालटून दिसतात आणि दुसरा भाग सुटला तर अर्धी माहिती जाते. त्यामुळे दहा-पंधरा सेकंद पट्टीकडे बघत राहा.

फोटोसोबत एक गोष्ट टिपून ठेवा: कोड आला तेव्हा रेंज काय करत होती? कोडच्या आकड्याइतकीच ही नोंद कामाची असते. थंड ओव्हनवर, कुणी हात न लावता आला? मग संशय बटणांवर किंवा बोर्डावर. तापायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आला? मग सेन्सरची वायर किंवा एखादा सैल कनेक्टर, कारण धातू तापला की पसरतो आणि जेमतेम टेकलेला जोड सुटतो. सेल्फ-क्लीन (प्रचंड तापवून ओव्हन आतून साफ करण्याची सोय) लावल्यावर आला? दाराचं कुलूप. हॉब पुसल्यावर किंवा खूप वाफ झाल्यावर आला? आत ओल गेली असणार.

आता एमसीबी पाडून पाच मिनिटं थांबा. लगेच वर केली तर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर प्रोसेसर तग धरतो आणि रीसेट होतच नाही. वीज परत दिल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. कोड लगेच आला, तर बिघाड कायमचा आहे आणि खरं तर तपासायला सोपा आहे. काही वेळ चालून आला, तर तो उष्णतेशी किंवा हालचालीशी जोडलेला आहे. आलाच नाही, तर वीज जाता-येता बसलेल्या धक्क्याने बोर्ड क्षणभर गोंधळला असेल. फक्त तारीख लिहून ठेवा. महिन्यात दुसऱ्यांदा आला की त्याला योगायोग समजू नका.

पायरी ३: मॉडेल नंबर आणि आत लपवलेला कागद

कोडची कुठलीही जागतिक यादी नाही, आणि नेटवरच्या 'सर्व ओव्हनचे कोड' छाप तक्त्यांनी बरंच नुकसान केलेलं आहे. अमेरिकी बाजारातल्या रेंज पाहा. जनरल इलेक्ट्रिकच्या जुन्या मॉडेलांत सेन्सर ओपन (सर्किट तुटलेलं) असेल तर 'एफ३' येतो आणि शॉर्ट (दोन वायरी टेकलेल्या) असेल तर 'एफ४'. व्हर्लपूलच्या अनेक मॉडेलांत त्याच दोन गोष्टींना 'एफ३-ई०' आणि 'एफ३-ई१' म्हणतात. फ्रिजिडेअरकडे तेच 'एफ३०' आणि 'एफ३१' होतात. इथवर ओपन सेन्सरला निदान तीनचा आकडा तरी सारखा आहे. पण फ्रिजिडेअरचा 'एफ१०' म्हणजे तापमान हाताबाहेर गेलं आणि 'एफ११' म्हणजे बटण दाबलेलं राहिलं. या दोन्ही 'एफ१'च्या घरातल्या गोष्टी समजून कुणी दुसऱ्या कंपनीच्या 'एफ१'ला तोच अर्थ लावला, तर तो भलत्याच ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर घालेल. भिंतीत बसवायच्या युरोपीय ओव्हनची गणितं तर पूर्ण वेगळी असतात.

म्हणून आधी मॉडेल नंबर शोधा. त्याची पट्टी बहुतेक वेळा दार उघडल्यावर चौकटीवर किंवा खालचा ड्रॉवर ओढल्यावर आतल्या कडेला सापडते. नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. शेवटच्या एका अंकाने बोर्ड बदलतो.

त्याहून मोलाची वस्तू म्हणजे टेक शीट. कंपनीने मेकॅनिकसाठी छापलेला हा घडी घातलेला कागद अनेक रेंजच्या आतच असतो. कधी तो कंट्रोल पॅनेलच्या मागे, कधी मागच्या पत्र्याच्या आत, कधी ड्रॉवरखाली चिकटवलेल्या पाकिटात मिळतो. त्यात त्याच मॉडेलचे कोड, वायरिंगचा नकाशा, कुठल्या कनेक्टरच्या कुठल्या पिनांमध्ये किती ओहम यायला हवेत, हे सगळं असतं. हा कागद सापडला तर या लेखातले आकडे बाजूला ठेवा आणि त्यातले धरा.

पायरी ४: सेन्सरचे कोड

नवख्याने सुरुवात करावी ती इथूनच. हे कोड वारंवार येतात, तपासणी सोपी आहे आणि मीटरचं उत्तर हो-नाही इतकं स्वच्छ मिळतं.

ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीत वरच्या कोपऱ्याजवळ पेन्सिलीएवढी जाड धातूची कांडी दिसते. हाच सेन्सर. बहुतेक रेंजमध्ये त्याच्या आतला मोजणारा भाग प्लॅटिनमचा असतो आणि शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध बरोबर १००० ओहम असतो. तापमान चढेल तसा रोध चढतो, दर अंशाला सुमारे ३.८ ओहम. पाठ करायचे आकडे थोडेच आहेत: २० अंशांना सुमारे १०७८ ओहम, २५ ला १०९७, १०० ला १३८५, १५० ला १५७३, २०० ला १७५९ आणि २५० ला १९४१. काही युरोपीय ओव्हनमध्ये याच जातीचा पण निम्म्या रोधाचा, म्हणजे शून्याला ५०० ओहमचा सेन्सर असतो. तिथे सगळे आकडे निम्मे करा. आणखी काही ओव्हनमध्ये तापल्यावर रोध उतरणारा सेन्सर असतो, तिथे टेक शीटशिवाय पुढे जाऊ नका.

बोर्ड हा रोध मोजून त्याचं तापमान करतो. वायर तुटली तर रोध अनंत होतो. त्याला अर्थ लावता येत नाही, म्हणून 'सेन्सर ओपन'. दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर रोध शून्याजवळ, म्हणून 'सेन्सर शॉर्ट'. आता याच्या मधली परिस्थिती बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. कनेक्टरची पिन गंजली आणि वाटेत ४० ओहम जास्तीचे आले, तर बोर्डाला ओव्हन प्रत्यक्षापेक्षा दहा-अकरा अंश जास्त गरम वाटतो. तो एलिमेंट, म्हणजे ओव्हन तापवणारी कॉइल, लवकर बंद करतो आणि केक मधे कच्चा राहतो. कोड मात्र येत नाही, कारण आकडा अजून पटण्यासारखा आहे. 'हल्ली ओव्हन नीट भाजत नाही' अशी तक्रार काही महिने चालते आणि मग एक दिवस 'सेन्सर ओपन' उगवतो. अशी पूर्वपीठिका ऐकली की मी सेन्सरच्या आधी जोड बघतो.

मोजायची पद्धत अशी. वीज तोडा आणि ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. मागचा पत्रा किंवा पॅनेल उघडून सेन्सरच्या दोन वायरी बोर्डाच्या ज्या कनेक्टरमध्ये येतात तो कनेक्टर बोर्डावरून उपटा. वायर ओढायची नाही, प्लॅस्टिक धरून ओढायचं. जोडलेल्या अवस्थेत मोजलंत तर बोर्डाचे आतले रोधही मोजमापात मिसळतात. आता कनेक्टरच्या त्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. मीटरवर मोजायचा टप्पा हाताने निवडावा लागत असेल तर तो २००० ओहमवर ठेवा. कुठली प्रोब कुठल्या पिनेला, याने फरक पडत नाही.

खोलीच्या तापमानाला १०८० ते ११०० च्या आसपास आलं? मग सेन्सर, वायर आणि मधला जोड असा सगळा रस्ता या घडीला ठीक आहे. पण तपास इथे थांबवू नका. प्रोब लावून ठेवा आणि दुसऱ्या हाताने वायरी जागोजागी हळूच हलवा, विशेषतः त्या पत्र्याच्या भोकातून जातात तिथे. आकडा उडी मारतो का बघा. मग दोन्ही पिनांपासून ओव्हनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. तिथे 'ओएल' म्हणजे अनंत दिसायला हवं. काही हजार ओहम जरी दिसले, तरी वायरीचं आवरण कुठेतरी घासलं गेलंय असा अर्थ.

आकडा चुकीचा आला तर पुढची पायरी. सेन्सर एक-दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. ते काढून सेन्सर पुढे ओढला की त्याचा छोटा कनेक्टर ओव्हनच्या आत येतो, किंवा मागून हाती लागतो. तो सोडवून फक्त सेन्सर मोजा. इथे आकडा बरोबर आणि बोर्डापाशी चुकीचा, तर दोष मधल्या वायरीत. दोन्हीकडे चुकीचा, तर सेन्सर बदला. हा एकच फरक बघितला असता, तर विनाकारण बदललेल्या सेन्सरांपैकी पुष्कळसे वाचले असते.

एक सावधगिरी: कनेक्टर सोडवला की मागची वायर भोकातून सुळकन आत पडते आणि मग सगळी रेंज बाहेर ओढावी लागते. आधीच तिला चिमटा किंवा दोरी लावून ठेवा. वायर जोडायची वेळ आली तर चिकटपट्टी चालत नाही, ती वितळते. साधं सोल्डरिंगही नको. शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं आणि ओव्हन त्याच्या वर रोज जातो. उच्च तापमानाची वायर आणि चिनी मातीच्या टोप्या किंवा दाबून बसवायचे थिंबलच वापरा.

सेन्सर ठीक, वायर ठीक, कोड तरीही येतोय? मग थंड ओव्हनवरचं मोजमाप पुरेसं नाही. ओव्हन १५० अंशांवर वीस मिनिटं चालवा, वीज तोडा आणि लगेच बोर्डापाशी पुन्हा मोजा. आकडा १५०० च्या घरात असावा आणि थंड होताना संथपणे उतरावा. मध्येच 'ओएल' दाखवून परत आला, तर गुन्हेगार सापडला.

पायरी ५: 'तापमान मर्यादेबाहेर' हा कोड

हा कोड आला की एकच प्रश्न विचारा: ओव्हन खरोखर जास्त तापला होता का? पदार्थ जळला, दाराची काच नेहमीपेक्षा जास्त भाजत होती, असं काही घडलं? नसेल, तर सेन्सर बोर्डाशी खोटं बोलतोय. पायरी ४ करा. आतली एखादी मोठी कढई किंवा ट्रे सेन्सरला टेकत नाही ना आणि तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरलेलं नाही ना, तेही बघा. फॉइलमुळे उष्णता तळाशी कोंडते आणि सेन्सरला चुकीचं चित्र मिळतं.

खरोखर तापला असेल, तर संशय बोर्डावरच्या रिलेवर. वीज तोडा, बोर्डावरून एलिमेंटकडे जाणारी वायर काढा आणि त्या रिलेच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये मोजा. विजेविना रिले उघडा असायला हवा, म्हणजे 'ओएल'. शून्याजवळ काही आलं तर कॉन्टॅक्ट वितळून चिकटलेत.

आणखी एक शक्यता फार थोडे लोक बघतात. अमेरिकी पद्धतीच्या सप्लायमध्ये एलिमेंटला दोन्ही बाजूंनी १२०-१२० व्होल्ट मिळतात आणि अनेक रेंजमध्ये रिले त्यांतली एकच बाजू तोडतो. एलिमेंटचं आवरण फुटून आतली तार रेंजच्या अंगाला टेकली, तर रिले उघडा असूनही दुसऱ्या बाजूची वीज अर्थिंगमधून वाट काढते आणि एलिमेंट लालच राहतं. म्हणून एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढून त्याच्या टोकांपासून धातूच्या अंगापर्यंत मोजा. 'ओएल' हवं.

जाता जाता: एलिमेंट निव्वळ जळून तुटलं तर साध्या रेंज बहुधा कोडच देत नाहीत. बोर्ड रिले चालू करतो, पण तिकडे वीज वाहिली की नाही हे बघायची त्याच्याकडे सोय नसते. गॅसच्या ओव्हनमधला इग्नायटर (तापून गॅस पेटवणारा भाग) कमजोर झाला तरी तसंच होतं. तो लालसर दिसतो, पण व्हॉल्व्ह उघडायला पुरेसा करंट ओढत नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असा हिशेब मांडू नका. २४० व्होल्टवरचं २५०० वॅटचं एलिमेंट सुमारे २३ ओहम दाखवतं, हा आकडा जवळ ठेवा.

पायरी ६: बटणांचे कोड

'बटण शॉर्ट' किंवा 'बटण अडकलं' या कोडचा अर्थ, बोर्डाला एखादं बटण बराच वेळ दाबलेलं दिसतंय. पातळ पडद्याच्या बटणपट्टीत आत दोन थर असतात आणि दाबल्यावर ते टेकतात. मधे तेल, वाफ किंवा फवाऱ्याने मारलेलं क्लीनर शिरलं की ते न दाबताच टेकतात. हॉब पुसल्यानंतर कोड आला असेल, तर रेंज रात्रभर वीज तोडून कोरडी होऊ द्या. एवढ्यानेच प्रश्न मिटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आणि यापुढे क्लीनर पट्टीवर मारू नका, फडक्यावर घ्या.

मिटला नाही, तर बटणपट्टी बोर्डाला जोडणारी चपटी रिबन केबल शोधा. वीज तोडून ती काढा. टोकाचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, सरळ बसवा आणि वीज देऊन बघा. रिबन तिरकी बसली तरी हाच कोड येतो.

तरीही कोड येत असेल, तर वीज तोडा, रिबन काढून ठेवा, पॅनेल परत झाका आणि मग वीज द्या. पट्टीशिवायही तोच 'बटण शॉर्ट' कोड आला, तर तक्रार बोर्डातच जन्माला येते. कोड गेला, तर पट्टी खराब. याला एक अपवाद आहे. काही बोर्ड पट्टी काढल्यावर 'पट्टी जोडलेली नाही' असा वेगळा कोड देतात. व्हर्लपूलच्या अनेक मॉडेलांतला 'एफ२-ई१' तसाच. आकडा बदलला का, हे नीट वाचा.

पायरी ७: दाराच्या कुलुपाचे कोड

सेल्फ-क्लीनमध्ये ओव्हन सुमारे ४७० ते ५०० अंशांपर्यंत जातो, म्हणून दार आधी मोटरने कुलूपबंद होतं. कुलूप लागलं की नाही हे बोर्डाला छोटे मायक्रोस्विच सांगतात. मोटर फिरली पण स्विचने कळवलं नाही, किंवा स्विच 'बंद' म्हणतोय पण मोटर फिरलीच नाही, की कोड येतो.

दार अडकलं असेल तर ते जोर लावून उघडू नका. हूक वाकतो आणि काच फुटण्याची भीती असते. आधी पूर्ण थंड होऊ द्या, मग वीज तोडून परत द्या. बरेच बोर्ड चालू होताना मोटर फिरवून कुलूप मूळ जागी आणतात. ते जमलं नाही तर वरचा किंवा मागचा पत्रा उघडून मोटरचा कॅम (कुलूप सरकवणारी चकती) हाताने फिरवता येतो, अर्थात वीज तोडून. स्विच तपासायला त्याच्या दोन्ही वायरी काढा आणि कंटिन्युइटीवर ठेवून त्याची पट्टी दाबा-सोडा. बीप एकदा यावा, एकदा जावा. कायम येत असेल किंवा कधीच येत नसेल, तर स्विच गेला. मोटर, कॅम, स्विच सगळे धडधाकट आणि वाटेत फक्त जळकट तेलाचा राप बसलेला, असंही पुष्कळदा निघतं.

सेल्फ-क्लीनबद्दल माझं मत चांगलं नाही. तेवढ्या उष्णतेत बोर्ड, सुरक्षेचा थर्मल कट-आउट (फार तापल्यास वीज तोडणारा स्विच) आणि कुलूप या तिघांवर एकदम ताण येतो. मोठा स्वयंपाक तोंडावर असताना तर ते लावूच नका.

इंडक्शन हॉबबद्दल थोडंसं

रेंजचा वरचा भाग इंडक्शनचा असेल, तर तिथले बरेच कोड भांडं, हवा आणि व्होल्टेज यांच्याबद्दल असतात: तळाला चुंबक न चिकटणारं भांडं, खालच्या पंख्याची कोंडलेली वाट, कमी-जास्त सप्लाय. एवढं बाहेरून बघा. आतला पॉवर बोर्ड उघडू नका. त्याच्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतं.

बोर्डाला दोषी ठरवण्याआधी

सेन्सर, वायर, बटणपट्टी, कुलूप हे सगळं मोजून निर्दोष निघालं तरच बोर्डाकडे या. त्याआधीही दोन ठिकाणं उरतात. पहिलं, सप्लायचा टर्मिनल ब्लॉक. तिथला स्क्रू सैल असेल तर जळल्याच्या खुणा दिसतात आणि डळमळत्या व्होल्टेजमुळे बोर्ड वाट्टेल ते कोड देतो. दुसरं, बोर्डावरचे बाकीचे कनेक्टर. नव्या रेंजमध्ये पट्टीमागे एक आणि आत एक असे दोन बोर्ड आपसात बोलतात. 'संपर्क तुटला' अशा अर्थाचा कोड असेल तर मधल्या केबलचे दोन्ही कनेक्टर काढून परत घट्ट बसवा.

मग बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. रिलेच्या पायांभोवती सोल्डरला तपकिरी कडं किंवा बारीक भेग, डोकं फुगलेला कपॅसिटर, काळा पडलेला ट्रॅक, यांपैकी काही दिसलं तर निदान पक्कं. ज्यांचा हात सोल्डरिंगला बसलाय ते रिले बदलून बोर्ड वाचवू शकतात. नवीन बोर्ड मागवताना जुन्यावर छापलेला पार्ट नंबर आणि रेंजचा पूर्ण मॉडेल नंबर, दोन्ही द्या. काही नव्या बोर्डांना बसवल्यावर आधी मॉडेलचा कोड भरून द्यावा लागतो. तो भरला नाही तर नवाकोरा बोर्डही एरर दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. कनेक्टर काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो हवाच.

दुरुस्तीनंतर

सगळे पत्रे परत लावा. उघड्या रेंजवर चाचणी नको. रिकामा ओव्हन १८० अंशांवर पाऊण तास चालवा आणि मधल्या जाळीवर वेगळा थर्मामीटर ठेवा. काटा १०-१५ अंश खालीवर होत राहील, ते सामान्य आहे. वरच्या-खालच्या आकड्यांची सरासरी बघा. सरासरी एकाच बाजूला दहा-बारा अंश सरकलेली असेल आणि सेन्सरचे ओहम बरोबर असतील, तर बहुतेक बोर्डांत तापमान थोडं वर-खाली जुळवायची सोय असते. कृती मॅन्युअलमध्ये मिळेल. पन्नास अंशांचा फरक मात्र अशा जुळवणीने झाकू नका. पुन्हा पायरी ४ वर जा.

मेकॅनिकला बोलवायचं ठरलं, तर फोनवरच कोडचा फोटो, पूर्ण मॉडेल नंबर, कोड केव्हा येतो ते आणि सेन्सरचे ओहम पाठवा. तो योग्य पार्ट सोबत घेऊनच येईल. टेक शीट मात्र घडी घालून होती त्याच पाकिटात परत ठेवा.